पहिली पंगत, दुसरी पंगत की मनात येईल तेव्हा?

क्रूझ बुक करताना केबिन खिडकीची घ्यायची की बाल्कनीची, यावर घराघरांत प्रचंड खल होतो. कुठल्या मजल्यावर, पुढे की मागे, लिफ्टजवळ की लांब, सगळं होतं. मग फॉर्मच्या तळाशी एक बारीकसा प्रश्न येतो. रात्रीचं जेवण अर्ली, लेट की फ्लेक्सिबल? तिथे मात्र "काहीही टाक गं" म्हणून माणसं मोकळी होतात. मला याचं नेहमी नवल वाटतं. केबिनमध्ये आपण झोपायला जातो. किनाऱ्यावरून परत कधी फिरायचं, अंघोळ कधी उरकायची, कुठला शो बघायचा, कुणाच्या गप्पा ऐकायच्या, हे सगळं त्या तळाच्या खुणेवर ठरतं.

नवख्यांसाठी आधी दोन ओळी. फिक्स्ड म्हणजे रोज तीच वेळ, तेच टेबल, तेच वेटर आणि मोठं टेबल असेल तर शेजारीही तेच. पहिली पंगत, म्हणजे अर्ली, साधारण साडेपाच-सहाला बसते, दुसरी, म्हणजे लेट, आठ-साडेआठला. फ्लेक्सिबल म्हणजे डायनिंग रूम उघडी असेल त्या तीन-चार तासांत कधीही या, जे टेबल रिकामं होईल ते तुमचं. मेन्यू मात्र दोन्हीकडे तोच, स्वयंपाकघरही तेच. फ्लेक्सिबलवाल्यांना काही वेगळं, खास मिळतं असा समज मी बऱ्याच जणांकडून ऐकलाय. तसं काही नसतं.

दोन पंगती मुळात आल्या त्या जागेपायी. मोठ्या जहाजाच्या मुख्य डायनिंग रूममध्ये सगळे प्रवासी एका वेळी मावत नाहीत. थिएटरचंही तेच. म्हणून बहुतेक ठिकाणी अशी फिरवाफिरव असते की पहिल्या पंगतीने जेवून मग शो बघायचा आणि दुसऱ्या पंगतीने शो बघून मग जेवायचं. एकदा ही साखळी ध्यानात आली की आपल्याला नक्की काय निवडायचंय ते कळतं. भरल्या पोटी नाटक बघताना ज्याची मान कलंडते (आमच्याकडे एक जण आहे, नाव घेत नाही) त्याने दुसरी पंगत घ्यावी.

ही शिस्त मोडायला सुरुवात केली नॉर्वेजियन क्रूझ लाइनने, २००० साली, 'फ्रीस्टाइल क्रूझिंग' या नावाने. ठरलेली वेळ नाही, ठरलेलं टेबल नाही, कपड्यांचीही सक्ती सैल. मग बाकीचेही हळूहळू वळले. रॉयल कॅरिबियनचं 'माय टाइम', कार्निव्हलचं 'युअर टाइम', प्रत्येकाचं नाव वेगळं पण मामला एकच. गंमत पुढे आहे. २०१४च्या शेवटी रॉयल कॅरिबियनने 'क्वांटम ऑफ द सीज' हे जहाज आणलं आणि त्यावर मुख्य डायनिंग रूम ठेवलीच नाही. त्याऐवजी चार वेगवेगळी रेस्टॉरंट, रोज पाहिजे तिथे जा. कागदावर याहून मोकळं काय असणार? प्रत्यक्षात लोक रोजच्या आरक्षणाच्या खटपटीला कंटाळले. मग कंपनीने त्याचंच एक 'क्लासिक' रूप काढलं, ज्यात वेळ ठरलेली आणि वेटर तुमच्याबरोबर एका रेस्टॉरंटमधून दुसऱ्यात. शेवटी तो सगळा प्रकारच त्यांनी गुंडाळला. डिस्नेच्या क्रूझवर मात्र पूर्वीपासून हेच चालतं. वेळ ठरलेली, रेस्टॉरंट रोज बदलतं आणि वेटर मागोमाग येतात. लहान मुलांना ओळखीचा चेहरा लागतो, हे त्यांना बरोबर कळलंय.

आणि 'क्वीन मेरी २' या जहाजाचं बघा. तिथल्या ब्रिटानिया रेस्टॉरंटमध्ये दोन पंगतींची पद्धत, पण ग्रिल वर्गाचं महागडं तिकीट काढणाऱ्याला टेबल स्वतःचं राखीव आणि यायची वेळ त्याच्या मर्जीची. म्हणजे माणसाला मनातून दोन्ही हवं असतं. आपल्यासारख्यांना एकातच भागवावं लागतं, म्हणून हा सगळा ऊहापोह.

माझे सासरे अण्णा इन्सुलिन घेतात. त्यांचं इंजेक्शन आणि पहिला घास यातलं अंतर सांभाळावं लागतं. त्यामुळे ते बरोबर असले की पहिली पंगत, ठरलेलं टेबल, यावर चर्चा नसते. पण फिक्स्डचं खरं मोल मला त्यांच्यामुळेच समजलं, आणि ते घड्याळापलीकडचं होतं. पहिल्या रात्री अण्णांनी वेटरला सांगितलं की बसल्या बसल्या थोडा ब्रेड लागेल आणि शेवटी चहा, बिनसाखरेचा. दुसऱ्या रात्री आम्ही खुर्च्या ओढायच्या आत ब्रेड टेबलावर होता, अण्णांच्या डाव्या हाताला, कारण उजवा खांदा त्यांना नीट उचलता येत नाही आणि हे त्या पोराने न विचारता टिपलं होतं. गोड आलं तेव्हा त्याने उद्याचं मेन्यूकार्ड आणून त्यांच्यापुढे ठेवलं आणि पेनने तीन पदार्थांवर खुणा केल्या. यात साखर घालणार नाही, याचा सॉस वेगळा देतो, हा मात्र नको. ज्यांना पथ्य किंवा ॲलर्जी आहे त्यांच्यासाठी अशी आदल्या रात्री उद्याची ऑर्डर घ्यायची पद्धत बऱ्याच जहाजांवर असते. फ्लेक्सिबलमध्येही ती मागता येते, पण रोज नव्या माणसाला पहिल्यापासून सगळं सांगत बसायचं. शेंगदाण्याची किंवा ग्लूटेनची ॲलर्जी असेल तर मी तरी हा धोका घेणार नाही.

आता शेजाऱ्यांबद्दल. फॉर्मवर टेबल किती जणांचं हवं तेही विचारतात, आणि तो प्रश्न वेळेइतकाच महत्त्वाचा आहे. दोघांचं टेबल मागितलं की एकांत मिळेल असं वाटतं. तिथे गेल्यावर दिसतं की दोघांच्या टेबलांची रांगच असते आणि मधे वीतभर जागा. शेजारच्या जोडप्याचं भांडण तुम्हाला शब्दन्‌शब्द ऐकू येतं, फक्त त्यात भाग घेता येत नाही. त्यापेक्षा मला आठ जणांचं गोल टेबल बरं वाटतं. चौघांच्या टेबलावर अनोळखी जोडपं नेमकं अबोल निघालं तर सुटका नाही. आठांत कुणीतरी बोलकं असतंच. एकदा आमच्या टेबलावर एक निवृत्त मालगाडी चालक होते. पहिल्या रात्री सूप सोडून त्यांनी कशाकडे पाहिलं नाही. तिसऱ्या रात्री ते ब्रेक लावल्यावर लांबलचक गाडी थांबायला किती अंतर खाते हे मिठाच्या डब्या रांगेत लावून दाखवत होते आणि पलीकडच्या टेबलावरचे लोक खुर्च्या वळवून बसले होते. रोज नव्या टेबलावर नवे लोक भेटले असते तर हे गृहस्थ माझ्या लेखी सूप पिणारेच राहिले असते.

टेबल जमलं नाही तर काय? पहिल्याच दिवशी, जहाजावर चढल्यावर दुपारी, हेडवेटर डायनिंग रूमच्या दाराशी किंवा आसपास बसून बदलाच्या विनंत्या घेतो. नक्की कुठे आणि किती वाजता ते त्या दिवसाच्या पत्रकात किंवा ॲपवर असतं. तेव्हाच जावं. पहिल्या जेवणानंतर लगेच सांगितलं तरी चालतं. तीन रात्री गप्पा मारून चौथ्या रात्री टेबल बदललं तर उरलेला प्रवास त्या माणसांना जिन्यात तोंड चुकवत काढावा लागतो.

माझ्या मोठ्या जाऊबाईंना हे काहीच पटत नाही. "सुट्टीवर येऊन पण घंटा वाजली की जेवायला धावायचं? त्यापेक्षा हॉस्टेलवर जाते मी," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आणि बंदरांची रेलचेल असलेल्या प्रवासात त्यांचंच बरोबर असतं, हे मला मान्य करायलाच हवं. जहाज संध्याकाळी सहाला सुटणार असेल तर साडेपाचपर्यंत परत चढायचं, आणि पहिली पंगत सहाला. म्हणजे घामेजल्या अंगाने, बुटांतली वाळू तशीच ठेवून जेवायला बसा. जहाज रात्री उशिरापर्यंत बंदरात थांबणार असेल तर त्याहून वाईट. ऊन उतरून गाव फिरण्याजोगं होतं तेव्हाच आपण माघारी निघायचं. अलास्काला तर पहिल्या पंगतीवाल्यांची मला कीव येते. जूनमध्ये जुनोला सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो. जहाज बर्फाळ डोंगरांच्या मधून बाहेर पडत असतं आणि हे लोक खालच्या डेकवर बसून गोड काय आहे ते विचारत असतात.

मात्र फ्लेक्सिबल म्हणजे रांग नाही असं कुणी समजू नये. माणसांना भूक साधारण एकाच वेळी लागते. सात-साडेसातला दाराशी जी झुंबड उडते ती बघून घ्या. पूर्वी हातात पेजर द्यायचे, आता बऱ्याच ठिकाणी फोनवर निरोप येतो, पण ताटकळणं तेच. पावणेसहाला किंवा साडेआठनंतर गेलं तर टेबल चटकन मिळतं. त्यातही जाऊबाईंची एक युक्ती आहे, जी मी आता सगळ्यांना सांगते. पहिल्या दिवशी एखाद्या वेटरशी सूर जुळला की त्याचा टेबल नंबर लिहून घ्यायचा आणि रोज त्याच वेळेचं आरक्षण करून 'हाच विभाग द्या' म्हणायचं. गर्दी नसेल तर हमखास देतात, असेल तर दहा-पंधरा मिनिटं थांबायची तयारी ठेवायची. म्हणजे घरचं केल्यासारखं फिक्स्ड, पण ज्या दिवशी बंदरात रमलात त्या दिवशी खुशाल रद्द करा, कुणी खोळंबत नाही.

हे खोळंबणं फिक्स्डवाल्यांनी लक्षात ठेवायला हवं. तुम्ही कळवलं नाही आणि आलाच नाहीत, तर वेटर तुमच्यासाठी थोडा वेळ ऑर्डर धरून ठेवतो आणि सहा भुकेली माणसं दाराकडे बघत बसतात. बाहेर जेवणार असाल तर आदल्या रात्री टेबलावर सांगून टाकावं. एवढंच पुरतं.

लहान मुलं असतील तर? सहाची पंगत सोयीची, पण दीड-दोन तास खुर्चीत कोण बसणार? काही कंपन्यांनी यावर चांगला तोडगा काढलाय. डिस्नेवर दुसऱ्या पंगतीच्या मुलांना लवकर वाढतात आणि पाऊणएक तासाने खेळघराची माणसं येऊन त्यांना घेऊन जातात. आईबाप उरलेलं जेवण चक्क गरम असताना जेवतात.

टिपचा एक जुना हिशोबही यात गुंतलेला होता. शेवटच्या रात्री आपल्या वेटरला पाकीट द्यायची रीत होती. रोज वेगळा वेटर असेल तर पाकीट कुणाला द्यायचं? म्हणून फ्लेक्सिबल घेणाऱ्यांकडून काही कंपन्या टिप आधीच भरून घेत. आता बहुतेक मोठ्या कंपन्या माणशी रोजची ठरावीक रक्कम खात्यावर लावतात, तेव्हा त्या बाबतीत दोन्ही पर्याय सारखेच.

घड्याळाचा एक चकवा तेवढा कुणी सांगत नाही. न्यूयॉर्कहून इंग्लंडकडे जाताना वाटेत एकूण पाच तास पुढे ढकलायचे असतात, थोडे थोडे, एकेका दिवशी तासभर. घड्याळ पुढे गेलं की दुपारचं जेवण जिरायच्या आतच पहिली पंगत पुढ्यात येते. उलट दिशेने येताना दिवस पंचवीस तासांचे होतात आणि दुसऱ्या पंगतीवाले साडेसातलाच बुफेकडे वळलेले दिसतात. अशा प्रवासात पूर्वेकडे जाताना लेट, पश्चिमेकडे जाताना अर्ली. सगळे दिवस समुद्रातच असतात, त्यामुळे बंदराची घाई नाही आणि फिक्स्ड टेबल तिथे खरं रंगतं.

म्हणून मी आता बुकिंगच्या आधी प्रवासाचा तक्ता पुढे घेऊन पेन्सिलीने खुणा करते. समुद्रातले दिवस किती, बंदरांतले किती, आणि प्रत्येक बंदरातून सुटायची वेळ काय. समुद्र जास्त तर फिक्स्ड, बंदरं जास्त तर फ्लेक्सिबल. अर्ली-लेट हा त्यानंतरचा प्रश्न. मनासारखी पंगत भरलेली असेल तर प्रतीक्षायादीत नाव टाकायचं आणि जहाजावर चढल्यावर आधी हेडवेटरकडे जायचं, पोहण्याचा तलाव कुठे पळून जात नाही.

येत्या प्रवासात अण्णा आणि जाऊबाई दोघंही आहेत, आणि बुकिंगं दोन वेगळी. एका टेबलावर बसायचं तर ती एकमेकांना जोडून घ्यावी लागतात आणि जेवणाचा प्रकारही दोन्हीकडे एकच लागतो. "वहिनी, यावेळी अण्णांसाठी सहाला बसूया ना," म्हटलं तर त्या म्हणाल्या, "तुम्ही बसा गं, मी गोड खायला येईन." शेवटी दोन्हीकडे फ्लेक्सिबल घेतलंय. रोज सहाचं टेबल आमच्या नावाने धरलंय, ज्या संध्याकाळी जहाज बंदरात उशिरापर्यंत थांबणार ती सोडून. त्या संध्याकाळी अण्णांना घेऊन माझा नवरा बुफेत जेवेल आणि जाऊबाई व मी गावात फिरू.