सगळ्यांकडे कारण होतं

शवागाराच्या फाटकाशी जमणारी माणसं एरवी रडत असतात, नाहीतर गप्प असतात. त्या सकाळची गर्दी चक्क गप्पा मारत होती. एकाने तर शवागारातल्या आमच्या मदतनीस मामांना बाजूला घेऊन विचारलं, "नक्की गेलाय ना?"

मी एका लहान गावाच्या रुग्णालयात शवविच्छेदनं करते. ओळख पटू नये म्हणून इथे काही तपशील बदलले आहेत, पण गर्दी होती तशीच लिहिली आहे. मृत माणूस साठीचा. दुसऱ्याच्या जमिनीवर दावे ठोकायचे, काम करून घेऊन पैसे बुडवायचे, ऊठसूट कुणाविरुद्ध तरी तक्रारअर्ज करायचा, हाच त्याचा उद्योग. सख्ख्या भावाशी बोलणं नव्हतं. एकटा राहायचा. सकाळी दार उघडेना, म्हणून पोलिसांनी ते तोडलं. कडी आतून लावलेली, आणि हा पलंगाशेजारी जमिनीवर पडलेला. बाजूला उलटी झालेली होती. तेवढ्यावरून गावाने विषप्रयोगाचा निकाल देऊनही टाकला होता.

इन्स्पेक्टरसाहेब वही घेऊनच आले. "डॉक्टर, संशयितांची यादी करायला बसलो तर पानं पुरेनात."

त्यांनी त्यातल्या बहुतेकांना रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत कुठे होता, हे विचारून झालं होतं. सगळे आपापल्या घरी होते आणि सगळ्यांना साक्षीदार होते. साहेब वैतागलेले. माझं मत विचाराल तर, एवढ्या जणांकडे कारण असलं की त्या कारणाला काडीची किंमत उरत नाही. ज्याच्या मरणाने सगळ्यांनाच हायसं वाटतं, त्याला कुणी मारलं हे रागावरून कसं शोधणार?

त्यांना माझ्याकडून मृत्यूची वेळ हवी होती. ती मिनिटावर सांगता येत नाही. शरीर किती थंड झालंय, ताठरपणा जबड्यापासून पायांपर्यंत कुठवर आलाय, पाठीवरचे जांभळे डाग बोटाने दाबल्यावर फिके होतात की नाही, हे सगळं बघून एक अंदाज बांधायचा असतो. हवामान, अंगावरचे कपडे, माणसाची चण, सगळं त्यात लुडबुड करतं. मी रात्री दहा ते दोन असं सांगितलं. साहेबांनी ते वहीत लिहून त्याखाली दोनदा रेघ ओढली.

त्याच्या डोक्याला एक फडकं घट्ट आवळलेलं होतं. मामांनी ते सोडलं तसा बामाचा वास आला. कपाळावर आणि दोन्ही कानशिलांवर बाम चोपडलेला होता. पंचनाम्यात उशाशी डोकेदुखीच्या गोळ्यांची पट्टी मिळाल्याची नोंद होती, त्यातल्या दोन गोळ्या काढलेल्या. विष घातलेला माणूस डोकं बांधून, बाम लावून निजत नाही असा काही नियम नाही. पण मला पोटाआधी डोकं बघावंसं वाटलं.

उजव्या कानाच्या वर केसांत सूज होती. कातडी फाटलेली नव्हती, त्यामुळे वरवर पाहणाऱ्याला काहीच दिसलं नसतं. केस काढल्यावर अर्धगोल कडा असलेला काळानिळा व्रण दिसला. कवटीची कातडी मागे ओढली तर खाली हाडालाही तसाच अर्धगोल खळगा, आणि त्यातून निघालेली एक बारीक भेग. कानशिलाचं हाड कवटीतल्या सर्वांत पातळ हाडांपैकी एक. त्याच्या आतल्या बाजूने, हाडातल्या खोबणीतून एक धमनी जाते. भेग बरोबर त्या खोबणीवरून गेली होती. कवटी उघडली तेव्हा हाड आणि मेंदूचं जाड आवरण यांच्यामध्ये रक्ताची गडद लाल, थुलथुलीत गाठ होती. मोजली तर सुमारे १३० मिली. शेजारचा मेंदू दाबाने चपटा झालेला.

डॉक्टर याला एक्स्ट्राड्युरल रक्तस्राव म्हणतात. याची एक फसवी तऱ्हा आहे. मार बसल्यावर माणूस क्षणभर शुद्ध हरपतो किंवा नुसता गरगरतो, मग उठतो, बोलतो, चालतो. ठीक वाटतं. आत मात्र रक्त साठत असतं. कधी अर्ध्या तासाने, कधी काही तासांनी डोकं ठणकू लागतं, उलटी होते, जीभ जड होते, गुंगी येते आणि शुद्ध जाते. प्रत्येक रुग्णात मधला हा बरा काळ दिसतोच असं नाही, पण दिसला की घात करतो. ब्रिटिश अभिनेत्री नताशा रिचर्डसन २००९ मध्ये कॅनडात बर्फावर घसरून पडली. सुरुवातीला तिने मदत नाकारली, आणि दोन दिवसांनी ती गेली. कारण हेच. वेळेत कवटीला भोक पाडून गाठ काढली तर अशी माणसं वाचतात. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण पुढे त्याचाच प्रश्न आला.

साहेबांना बोलावून म्हटलं, "मेला रात्री. पण लागलं कधी, ते वेगळं. बहुधा संध्याकाळी."

ते गाठीकडे बघत राहिले. "म्हणजे कडी त्यानेच लावली?"

"हो. स्वतः चालत घरी आला, कडी लावली, गोळ्या घेतल्या."

"मग मी रात्रीचं विचारत काय बसलो होतो!"

पडून लागलं नसेल कशावरून, हे त्यांनी विचारलं ते बरंच झालं, कारण तो प्रश्न पुढे येणारच होता. चालता माणूस कोसळला की बहुतेक वेळा तळहात, कोपरं, गुडघे खरचटतात. इथे एकही ओरखडा नव्हता. पडताना डोकं वेगात असतं आणि आपटून थांबतं, त्यामुळे बऱ्याचदा लागल्याच्या विरुद्ध बाजूचा मेंदू चिरडतो. तेही नव्हतं. आणि सपाट जमीन हाडात अर्धगोल खळगा पाडत नाही. तो हातोडीच्या कडेसारख्या वस्तूने पडतो. विषाच्या तपासणीसाठी व्हिसेरा, म्हणजे आतल्या अवयवांचे नमुने, राखून ठेवला तो नियम म्हणून. पुढे अहवाल आला, त्यात काही नव्हतं.

चौकशी संध्याकाळकडे वळली आणि दोन दिवसांत उलगडा झाला. कुंपणाचं काम करणारा एक माणूस. मजुरीवरून वाद झाला, याने आईवरून शिवी दिली, त्याने हातातली हातोडी फिरवली. हा खाली बसला, मग उठला, शिव्या घालत चालता झाला. त्या माणसाचं नाव पहिल्या यादीतही होतं. रात्रीचं विचारलं, त्याने रात्रीचं सांगितलं. ते खरंही होतं. हा बंद घरात मेला हे ऐकून त्यालाही विषच वाटलं होतं. साहेबांनी संध्याकाळबद्दल विचारलं तेव्हा त्याने काही लपवलं नाही.

तो कोर्टात उभा राहिला तेव्हा गावाने त्याच्या वकिलासाठी वर्गणी काढली होती. यादीतले बरेच संशयित त्यात होते असं साहेब सांगायचे.

पण मेलेल्या माणसाच्या शेजाऱ्याचा जबाब मला जास्त लागला. रात्री नवाच्या सुमारास याने शेजारचं दार वाजवलं होतं. शेजाऱ्याने खिडकीतून पाहिलं. हा भिंतीला धरून उभा, काहीतरी बरळत. कधी न पिणारा माणूस प्यायलाय असं त्यांना वाटलं. पुन्हा बांधावरून भांडायला आला असणार, म्हणून त्यांनी दिवा मालवला. थोडा वेळ वाट पाहून हा गेला. जबाबात एवढंच. त्यांना कुणी आरोपी केलं नाही, करताही आलं नसतं.

बचावाच्या वकिलांनी नेमकं तेच धरलं. उलटतपासणीत म्हणाले, "मॅडम, वेळेत ऑपरेशन झालं असतं तर हा वाचला असता ना?"

"वाचण्याची चांगली शक्यता होती."

"म्हणजे मृत्यू उपचार न मिळाल्याने झाला."

"मृत्यू डोक्याच्या जखमेने झाला. उपचार मिळाले नाहीत, म्हणून जखम लागलीच नव्हती असं होत नाही."

न्यायाधीशांनी ते लिहून घेतलं. खुनाचा आरोप टिकला नाही, सदोष मनुष्यवधाबद्दल शिक्षा झाली. फटका एकच होता, तोही भांडणाच्या भरात, हे माझ्या अहवालावरूनच त्यांनी नोंदवलं. साक्ष संपवून बाहेर आले तर शेजारी जिन्यापाशी थांबले होते. "नवाला दार उघडलं असतं तर पुरेसा वेळ होता का, मॅडम?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, हो, बहुधा होता.