इटालियन मार्बल की मोरबीची टाइल

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातील आमच्या जुन्या घराच्या दुरुस्तीचे काम काढल्यापासून फरशी कोणती घालायची, यावर घरात रोज चर्चा होत आहे. थोरल्या काकांचे म्हणणे असे की, घराचे काम पुन्हा पुन्हा निघत नाही, तेव्हा एकदाच काय ते इटालियन मार्बल घालावे. दुकानात त्याचा भाव चौरस फुटाला ३५० रुपये सांगितला गेला आणि गुजरातमधील मोरबीच्या व्हिट्रिफाइड, म्हणजे काचेसारख्या घट्ट भाजलेल्या टाइलचा ५५ रुपये. एवढ्यावरून पहिला माल सरस ठरवणे मला मान्य नाही.

इटालियन मार्बल म्हणून आपण जे विकत घेतो, त्यातील बराच दगड जहाजाने ठोकळ्यांच्या रूपात येतो आणि त्याच्या लाद्या किशनगड किंवा सिल्वासा येथील कारखान्यांत कापल्या जातात. दगडातल्या चिरा आणि छिद्रे तेथेच रेझिन या चिकट, घट्ट होणाऱ्या द्रव्याने भरतात, पाठीला जाळी चिकटवतात आणि मग पॉलिश करतात. म्हणजे दगड परदेशातला असला, तरी लादीचा टिकाऊपणा बराचसा इथल्याच हातांवर अवलंबून असतो. दुकानदार मात्र भाव सांगताना दगडाचे गाव तेवढे सांगतो. बसवण्याची मजुरी, जागेवरची घोटाई आणि कापताना होणारी तूट हे सगळे त्या ३५० रुपयांच्या वर असते.

शिवाय संगमरवर इटलीतल्या काराराचा असो की राजस्थानातल्या मक्राण्याचा, तो मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटच, आणि आंबट पदार्थ त्याला खातो. माझ्या आत्तेबहिणीकडे परदेशी मार्बलच्या टेबलावर आमसुलाच्या साराचे पातेले रात्रभर राहिले होते. तळाशी ओघळलेल्या साराचे कडे आजही दिसते. त्यावरून बोट फिरवले की तेवढाच भाग खरखरीत लागतो. चांगली व्हिट्रिफाइड टाइल अर्धा टक्कासुद्धा पाणी शोषत नाही, आणि सार सांडले तर फडक्याने पुसून मोकळे होता येते.

देशी माल डोळे मिटून घ्यावा, असे मात्र मी म्हणत नाही. मोरबीत शेकडो कारखाने आहेत आणि सगळ्यांचा माल सारखा नाही. आमच्या गवंड्याने दुकानातच दोन टाइल तोंडाला तोंड लावून ठेवल्या आणि एका कोपऱ्यावर बोट दाबले, तर वरची टाइल डुगडुगली. तो माल आम्ही परत ठेवला. दुसऱ्या कारखान्याच्या टाइल काटकोनात, सपाट निघाल्या. भाव चौरस फुटाला सात रुपये जास्त होता आणि तो आम्ही आनंदाने दिला.

काका परदेशी मालासाठी आमच्या वडोदऱ्यातल्याच लक्ष्मी विलास राजवाड्याचा दाखला देतात. दरबार हॉलची व्हेनिसच्या धर्तीची मोझेक जमीन खरोखरच देखणी आहे; पण १८९० मध्ये पूर्ण झालेल्या त्याच वास्तूत आग्र्याचा लाल दगड आणि राजस्थानचा संगमरवरही आहे.

नळांच्या बाबतीत तर मी पोळलो आहे. मागे हौसेने परदेशी नळ बसवला, बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने त्याचे कार्ट्रिज, म्हणजे पाणी सोडणारा-थांबवणारा आतला भाग, दोन वर्षांत अडकले, आणि सुटा भाग बाहेरून मागवावा लागेल म्हणून सात आठवडे खालच्या बादलीत पाणी ठिबकत राहिले.

शेवटी हॉलला मोरबीची टाइल आणि मागच्या चौकाला कोटा दगडाची फरशी, असे ठरले आहे. एकाच बॅचचे चार बॉक्स जास्त घेऊन जिन्याखाली ठेवले आहेत, कारण पुढे एखादी टाइल फुटली तर त्याच शेडची बाजारात मिळणे कठीण असते.