आई मोजायची नाही

लोरिस म्हणजे माकडांचा दूरचा नातेवाईक, रात्री हिंडणारा छोटासा प्राणी. त्याच्या गणनेला तासाला जेमतेम एक किलोमीटर चाल पडते. डोक्यावरच्या टॉर्चला लाल जिलेटीन, कारण पांढऱ्या उजेडात प्राणी तोंड फिरवतो आणि मग तो तिथे आहे हेच कळत नाही. शोधायची असते ती डोळ्यांची चमक. कोळ्यांचे डोळेही चमकतात, रातवा पक्ष्याचेही. लोरिसचे मात्र निखाऱ्यासारखे, दोन्ही समोर, अगदी जवळजवळ.

तामिळनाडूतलं कडवूरचं हे काटेरी रान २०२२ साली देशातलं पहिलं लोरिस अभयारण्य झालं. त्या रात्री तिथे बाभळीच्या एका खालच्या फांदीवर चार बारीक ठिपके दिसले. दुर्बीण लावली तर दोन पिल्लं, एकमेकांना बिलगून बसलेली. कान इतके पातळ की उजेड आरपार जावा. आई कुठेच नाही.

"मेली असणार, मॅडम," सोबतचे अण्णा म्हणाले. "कुत्र्यांनी धरली असेल. घेऊन जाऊ या."

त्यांचं म्हणणं अगदीच वावगं नव्हतं. लोरिसला उडी मारता येत नाही. झाडांची सलगता तुटली की तो जमिनीवर उतरतो आणि कुत्र्यांच्या किंवा गाड्यांच्या तावडीत सापडतो. पण पिल्लं महिनाभराची झाली की आई त्यांना रात्री फांदीवर ठेवून किडे-मुंग्या खायला निघून जाते. अशी पिल्लं लोक दयेपोटी उचलतात, आणि तिथेच सगळं बिघडतं.

गणनेसाठी आखलेल्या चालायच्या रेषेपासून पिल्लांचं अंतर मोजलं, उरलेली रेषा चालून पूर्ण केली आणि परत येऊन लांब बसलो. दिवे बंद. डासांनी फोडून काढलं. मध्येच एक मोठा लोरिस आला. अण्णा सुटकेचा श्वास सोडतात तोच मला त्याचे वृषण दिसले. नर होता! त्याने दोन्ही पिल्लांना चाटलं, अंग साफ केलं आणि सावकाश निघून गेला. नर असे येऊन जातात हे वाचून माहीत होतं, पाहिलं नव्हतं.

आई उजाडायच्या थोडं आधी आली. पिल्लं सरळ तिच्या पोटाला चिकटली.

"आता चार लिहा," अण्णा म्हणाले.

मी दोनच लिहिले. रेषेवरून चालताना दिसलं तेवढंच धरायचं. वाट बघत बसल्यावर आलेलं धरलं तर घनतेचा, म्हणजे एवढ्या रानात किती लोरिस याचा, हिशेब फुगतो. नर आणि आई शेऱ्यात गेले. अण्णांना हे बिलकुल पटलं नाही. सकाळी चहाच्या टपरीवर ते सगळ्यांना सांगत होते, मॅडम एवढ्या शिकलेल्या, पण चारपर्यंत मोजता येत नाही.