आजीचं पीठ आणि वहिनीची पीठ

दादाचं लग्न झालं आणि वहिनी सेंधव्याहून आमच्या घरी आली. शिरपूरपासून सेंधवा काही लांब नाही, पळासनेर गेलं की बिजासनचा घाट आणि वर सेंधवा, पण मधे राज्याची हद्द लागते आणि हद्द ओलांडली की सगळ्या पाट्या हिंदीत. लग्नाला महिनापण झाला नसेल, एक दिवस सकाळी वहिनी स्वयंपाकघरात आली आणि आजीला म्हणाली, "आजी, पीठ में बहुत दर्द हो रहा है."

आजीने त्यातलं "पीठ में" एवढंच धरलं. खान्देशातल्या आमच्या अहिराणी बोलीत "पीठमा" म्हणजे पिठात. "पीठमा काय पडनं व माय?" म्हणत ती उठली, ज्वारीच्या पिठाचा डबा ओढला, परात घेतली, चाळणी घेतली आणि सगळं पीठ चाळायला बसली. तिला वाटलं आळ्या झाल्या. वहिनी कमरेवर हात ठेवून उभी, तिला कळेना की माझं दुखतंय आणि ही पीठ काय चाळतेय. शेवटी वहिनीने आजीचा हात धरून स्वतःच्या पाठीवर ठेवला तेव्हा आजी म्हणाली, "ओ माय, पाठ दुखस का तुनी!" आणि लगेच तेल गरम करायला ठेवलं. त्यावर वहिनी मला हळूच विचारते, "पाठ तो स्कूल में पढ़ते हैं ना?"

त्या दिवसापासून मला हे शब्दांचं वेडच लागलं म्हणा. दोन-तीन शब्दकोश घेऊन बसलो तर काय निघालं बघा. मराठीतलं पीठ हे संस्कृत पिष्टवरून आलं, पिष्ट म्हणजे दळलेलं. हिंदीतली पीठ आली पृष्ठवरून. तेच पृष्ठ मराठीत येताना झिजून पाठ झालं, आणि शाळेतला पाठ त्याचा कोणीच नाही, तो पठ् धातूचा, तो आपण आणि हिंदीवाले दोघंही वापरतो. आणि शक्तिपीठातलं पीठ तर तिसरंच, ते संस्कृतातून जसंच्या तसं आलेलं, म्हणजे आसन. आमच्याकडून चैत्रात लोक पायी सप्तशृंगी गडावर जातात, साडेतीन पीठांतलं ते अर्धं पीठ. म्हणजे डब्यातलं पीठ, वहिनीची दुखणारी पीठ आणि गडावरचं पीठ, तिघांचं मूळ वेगळं, तिघं वेगळ्या वाटेने चालत आले आणि लिहिताना मात्र एकसारखे दिसतात. मला हे फार भारी वाटतं.

लोक या विषयावर नेहमी शिक्षाचं उदाहरण देतात, हिंदीत शिक्षण आणि मराठीत दंड, पण ती गोष्ट वेगळी आहे. तिथे शब्द एकच आहे, संस्कृतात शिकणं या अर्थाचा, आपल्याकडे येऊन त्याचा अर्थ सरकला. रागाचंही तसंच, मूळ अर्थ रंग, लाली, मग कुठे तो गाण्याचा राग झाला, कुठे आसक्ती झाला आणि आपल्याकडे संताप. यातायात हिंदीत रस्त्यावरची वाहतूक आणि मराठीत नुसता त्रास. पण पीठ, खाली, साल हे शब्द असे नाहीत, तिथे दोन परके शब्द योगायोगाने एका अंगरख्यात शिरलेत. हिंदीतलं खाली म्हणजे रिकामं, ते अरबीतून आलं, आपलं खाली आपलंच. केळाची साल आपली आणि वर्षाचं साल फारसी. आमच्याकडे शेतात वर्षभरासाठी ठेवलेल्या गड्याला सालदार म्हणतात, त्याचं साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुरू होतं, आणि तोच सालदार बांधावर बसून केळाची साल काढून बैलापुढे टाकतो.

आता जे मला खरं सांगायचं होतं ते. माझ्यासाठी या सगळ्यात जवळचा शब्द कथा. अहिराणीत कथा म्हणजे कुठे, कोणीकडे. "कथा चालना रे भो?" हे आमच्याकडे दिवसातून वीसदा ऐकू येतं. दुसरीत असताना नवीन बाई आल्या होत्या, लांबच्या जिल्ह्यातल्या, मी त्यांना विचारलं, "बाई, सहल कथा जाई राह्यनी?" बाई म्हणाल्या, कथा नंतर, आधी गणित. मी परत विचारलं, बाईंनी परत तेच सांगितलं, तिसऱ्यांदा विचारल्यावर मला उभं केलं आणि वर्गासमोर सांगितलं की शुद्ध बोलायला शिक. मला अजून आठवतं, मी त्यानंतर वर्षभर वर्गात काही विचारलंच नाही. बाई वाईट नव्हत्या, त्यांना तो शब्द माहीतच नव्हता. पण सात वर्षांच्या पोराने आपला शब्द अशुद्ध समजून गिळून टाकावा हे मला आजही पटत नाही. इंग्रजांच्या काळात ग्रिअर्सनने केलेल्या भाषा सर्वेक्षणात 1907 साली खान्देशीला, म्हणजे आमच्या अहिराणीला, भिल्ली भाषांबरोबरच्या खंडात जागा मिळाली होती, म्हणजे शंभर वर्षांपूर्वी कोणीतरी बसून हे शब्द लिहून घेतले होते, त्यांना अशुद्ध न म्हणता.

तसंच मना. हिंदी पाटीवर "अंदर आना मना है", श्लोक पाठ करताना मनाला मारलेली हाक, आणि आजीच्या तोंडी मना म्हणजे माझा. "मना भाऊ". सुरतला राहणाऱ्या चुलतभावाला मी व्हॉइस मेसेज टाकला होता, "तू कथा शे?", म्हणजे तू कुठे आहेस. तर तो त्याच्या मुलीने ऐकला, ती तिकडेच वाढलेली, तिला गुजरातीच जवळची. तिने मला उलट विचारलं, काका, कथा कोणाच्या घरी आहे, प्रसादाला यायचं का? गुजरातीत "कथा छे" म्हणजे कथा आहे, सत्यनारायणाची वगैरे. मी तिला म्हटलं, ये बेटा, कधीपण ये.

दादाचा पोरगा आता अडीच वर्षांचा आहे. वहिनी पर्स घेऊन दाराकडे निघाली की तो धावत येतो आणि विचारतो, "कथा?" वहिनी खाली बसून त्याला गोष्ट सांगायला लागते. आजी आतून ओरडते, "व माय, तो इचारी राह्यना तू कथा चालनी!" पोरगा मात्र तोपर्यंत मांडीवर बसलेला असतो.