पुढे कुठे?

रात्र, साडेबारा.

शांततेची वेळ अकरापासून, असं या प्रवाशांच्या हॉस्टेलच्या जिन्यात ठळक अक्षरांत लिहिलंय. खाली कॉमन रूममध्ये मात्र हसणं-खिदळणं चालूच आहे.

खोली आठ जणांची, मी वरच्या बंकवर. माझ्या हक्काचं काय, तर गादी, एक पडदा, उशाशी छोटा दिवा, एक सॉकेट आणि खाली लॉकर. त्यालाही कुलूप आपलं आपण आणायचं. खोलीत खुर्ची नाही, टेबल नाही. दोन दिवस मी याबद्दल मनातल्या मनात कुरकुर केली. आज वाटलं, हा कंजूषपणा नसून बेत असावा. बसायचं तर खाली, रांधायचं तर खाली, आणि खाली सगळ्यांना मिळून एकच लांबलचक टेबल. सहा लहान टेबलं मांडली असती, तर सहा कोपऱ्यांत सहा माणसं मोबाईलमध्ये डोकं खुपसून बसली असती. मीही.

ठरवून केलेल्या कार्यक्रमांचं मात्र मला काही पटत नाही. रोज संध्याकाळी रिसेप्शनवरचा एक उत्साही मुलगा सगळ्यांना गोलात बसवतो आणि खेळ घेतो. तो इथे रोज काही तास काम करतो आणि बदल्यात फुकट राहतो. जीव तोडून करतो बिचारा, पण गोलात बसवलं की माणसं एकदम शहाण्यासारखं बोलायला लागतात. सकाळची पायी फेरी त्यापेक्षा बरी. तिला ठरलेली फी नाही, शेवटी ज्याला जे वाटेल ते त्याने द्यायचं. चालताना कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही, त्यामुळे बोलणं आपोआप निघतं.

खरी ओळख होते ती स्वयंपाकघरात. शेगड्या चार आणि भुकेले डझनभर. ‘तुझं झालं की ते पातेलं मला दे,’ एवढ्यावर सुरुवात होते. फ्रिजमधल्या प्रत्येक पिशवीवर नाव आणि जायची तारीख लिहायची. तारीख उलटली की साफसफाईवाले पिशवी उचलतात. शेजारच्या फळीवर जाणाऱ्यांनी मागे ठेवलेलं मीठ, तेल, अर्धेमुर्धे पुडे. ते कुणीही घ्यावं. सिंकवर पाटी आहे: आपली भांडी आपण घासा. काल एकीबरोबर तिथे तासभर उभी होते. मी घासत होते, ती पुसत होती. नोकरी का सोडली, आईशी का बोलत नाही, सगळं सांगून झालं. नाव विचारायचं राहिलंच. फ्रिजमधल्या तिच्या पिशवीवर ते मी आज वाचलं.

या सगळ्याच्या मुळाशी एक जर्मन शाळामास्तर आहे, रिचर्ड शिरमान. १९०९ च्या ऑगस्टमध्ये पोरांना घेऊन तो पायी सहलीला निघाला, वाटेत वादळाने गाठलं, एका शाळेत आसरा मिळाला आणि पेंढ्यावर रात्र काढली. सुटीत शाळा रिकाम्याच असतात, मग तिथे पोरांना झोपू का देऊ नये, हे त्याला त्या रात्री सुचलं. १९१२ मध्ये जर्मनीतल्याच आल्टेना गावच्या किल्ल्यात कायमचं हॉस्टेल झालं. १९३२ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला हॉस्टेलांची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली, नंतर तिचा अध्यक्ष झाला तो शिरमानच. पुढे १९३६ मध्ये नाझी सरकारने त्याला पद सोडायला लावलं. त्या काळच्या हॉस्टेलांत वॉर्डन असे, ठरल्या वेळी दिवे मालवत, पाहुण्यांना झाडलोटही करावी लागे. आजच्या पार्टीबाज हॉस्टेलांनी ती शिस्त मोडीत काढली. सिंकवरची पाटी तेवढी टिकून आहे, आणि माझ्या मते या घरातलं सगळ्यात कामाचं वाक्य तेच.

प्रश्न तेच ते: कुठून आलीस, किती दिवस आहेस, पुढे कुठे? आधी कंटाळा आला. मग लक्षात आलं की ‘काय करतेस’ हे कुणी विचारतच नाही. हुद्दा, पगार, घरदार, सगळं बाजूला. मला ते फार सुखाचं वाटलं.

पण खालच्या बंकवरच्या माणसाला ते तीन प्रश्न झेपत नाहीत. तो फिरायला आलेला नाही. या शहरात त्याला काम मिळालंय, भाड्याची खोली अजून मिळालेली नाही. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून निघतो, आम्ही सगळे झोपेत असताना, आणि पिशवी वाजू नये म्हणून ती खोलीबाहेर नेऊन उघडतो. आज टेबलावर एका नव्या पोरीने त्याला विचारलं, ‘पुढे कुठे?’ तो हसला, म्हणाला, ‘झोपायला.’ सगळे हसले. रोज नवी माणसं, रोज तोच प्रश्न; इतरांना पुढचं गाव असतं म्हणूनच आमची ही मोकळीढाकळी मैत्री चालते. त्याला दर संध्याकाळी पहिल्यापासून सुरुवात. तरी कोणती शेगडी अडकते आणि कोणत्या न्हाणीघरात गरम पाणी टिकतं, हे नव्यांना तोच सांगतो.

नंतर जिन्यात भेटला, तेव्हा मी त्याला खोलीबद्दल विचारलं. दोन पाहिल्यात म्हणे, एक लांब आहे, एक महाग. रविवारी तिसरी बघायला जायचंय. बरोबर येतेस का, दोघं असलो तर घरमालक जरा नीट बोलतो, म्हणाला. मी हो म्हटलंय. म्हणजे रविवारची पायी फेरी रद्द, आणि रिसेप्शनवर सांगून बंक एक रात्र वाढवून घ्यायला हवा. सुटीच्या दिवशी मिळाला तर.