बाकडं तेवढं मध्ये ठेवा

आमच्या माजी विद्यार्थी मंडळाचं संमेलन डिसेंबरच्या शेवटच्या शनिवारी. दीपप्रज्वलन, अहवाल, सत्कार दरवर्षीसारखे होतात, अध्यक्ष दरवर्षीसारखे लांबतात. माझा जीव रंगमंचात, कारण मांडणी पंचवीस वर्षं माझ्याकडे.

सुरुवातीला वर्गातली बाकं जोडून त्यांवर फळ्या टाकायचो. मागे भाड्याचे रंगवलेले पडदे: रस्ता, जंगल, महाल. एकदा महालाची दोरी अडकली आणि महाराजांचा दरबार जंगलात भरला. ‘पडदो सोड रे!’ म्हणून ओरडणाऱ्यांत महाराजही होते.

मग मराठीच्या सरांनी नाट्यशास्त्र काढलं. भरतमुनींचं मधल्या मापाचं नाट्यगृह ६४ हात लांब, ३२ हात रुंद; त्याहून मोठं केलं तर शब्द विरतो आणि चेहऱ्यावरचे भाव दिसत नाहीत. सरांनी कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत स्वतःचा हात लावत पटांगण मोजलं, मागून आम्ही फक्की टाकत गेलो. त्या वर्षी शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनाही माइकशिवाय ऐकू गेलं.

दादरच्या छबिलदास शाळेतल्या हॉलमध्ये प्रायोगिक नाटकं पाहिलेल्या एका सभासदाच्या हट्टापायी आम्ही एक एकांकिका पटांगणाच्या मधोमध केली, चारही बाजूंना प्रेक्षक. नटांना फिरत राहायला सांगितलं होतं, पण घाबरून सगळे एकाच दिशेला तोंड करून उभे राहिले. मुख्याध्यापकांना तासभर पाठीच दिसल्या. प्रयोग पुन्हा झाला नाही.

आता सभागृह आहे. कमान, विंगा, झालर, बटणावर सरकणारा पडदा. आणि पुढच्या तीन रांगा ‘राखीव’च्या चिठ्ठ्या लावून रिकाम्या. गणपतीला मुंबईहून उभ्याने येणाऱ्यांना डिसेंबरात रेल्वेचं तिकीट मिळत नाही म्हणे.

म्हणून शेवटी होणारा दशावतार, आपलं कोकणातलं लोकनाट्य, मी हट्टाने बाहेर पटांगणातच ठेवतो. पडदा नाही, नेपथ्य नाही. एका अंगाला पेटी, मृदंग, झांज. तीन बाजूंना माणसं. मध्ये सातवीच्या वर्गातलं एक बाकडं. काळ्या वेषातला संकासुर पोरांना घाबरवून गेला की त्याच बाकड्याचं हरिश्चंद्राचं सिंहासन होतं, पुढे तेच स्मशानातला कट्टा. करकटकाने कोरलेली नावं बत्तीच्या उजेडात दिसत असतात. तारामती करणारा गडी दिवसा भात झोडून आलेला. लिहिलेलं एक वाक्य नाही, रोहिदासाला मांडीवर घेऊन त्याला सुचेल तसा बोलत जातो. एका वर्षी म्हणाला, ‘उठ बाळा, शाळेची घंटा झाली.’ पोथीत शाळा कुठली? पण भांडी घासणाऱ्या बायका राखेच्या हातांनी येऊन उभ्या राहिल्या. मी दरवर्षी ठरवून लांब उभा राहतो. उपयोग होत नाही.

आता आभार, कारण मागे जनरेटरवाला राहिला आणि शिमग्यापर्यंत बोलला नाही. तर जनरेटरवाला, मांडववाले, माइकवाला आणि त्याचा भाचा, भात-आमटी सांभाळणाऱ्या काकी, त्यांच्या जाऊबाई, रंगपटात आरसा धरणारी नववीची मुलगी, पाणी ओढणारे शिपाईमामा, चपला राखणारे आजोबा, आपली गाय बांधून ठेवणारे शेजारी. हो, आणि पहाटे बाकडं सातवीत परत नेऊन ठेवणारे दोघे. त्यांची नावं विचारायची राहिली. पोरांनो, वाचत असाल तर कळवा.