आकडा तसूभरही हलला नाही

अंधेरीच्या ऑफिसात ऐन जुलैत आलेली ही केस. मुंबईत पार्सल पोचायला किती मिनिटं लागतील, याचा अंदाज देणारं मॉडेल. सायकिट-लर्न या पायथन लायब्ररीची पाइपलाइन (एकामागून एक चालणाऱ्या टप्प्यांची साखळी) तीन टप्प्यांची: पावसाचे कॉलम जोडणारा आमचा स्वतःचा ट्रान्सफॉर्मर (डेटा बदलून पुढे देणारा टप्पा), मग वेगवेगळ्या कॉलमवर वेगळी प्रक्रिया करणारा कॉलम-ट्रान्सफॉर्मर, शेवटी प्रत्यक्ष अंदाज देणारं ग्रेडियंट बूस्टिंग.

पावसाच्या फाइलमध्ये तारखा एक दिवस पुढे होत्या. हवामान खात्याचा रोजचा आकडा सकाळी ८.३० ला संपणाऱ्या २४ तासांचा असतो. म्हणजे २६ जुलै २००५ च्या प्रलयाचे सांताक्रूझचे ९४४ मिमी नोंदीत २७ तारखेला पडतात. (कुलाब्याला तेव्हा ७३ मिमीच्या आसपास, म्हणून दोन्ही केंद्रं लागतात.) तारखा मागे सरकवल्या, पुन्हा ट्रेनिंग केलं. सरासरी चूक ११.८३७२ मिनिटं. दुरुस्तीआधीही ११.८३७२.

चूक थोडी कमी-जास्त झाली असती तर कुणी परत पाहिलं नसतं. रँडम सीड (यादृच्छिक आकडे जिथून सुरू होतात तो अंक) बांधलेलं असताना चौथा दशांशही जुळतो, याचा अर्थ मॉडेलपर्यंत जुनेच आकडे पोचले. ट्रेनिंगला वेळ नेहमीइतकाच लागला होता, त्यामुळे कॅशेवर (टप्प्यांचे आधीचे निकाल साठवून पुन्हा वापरण्याची सोय; पाइपलाइनला 'मेमरी' हा पॅरामीटर दिला की ती चालू होते) संशय जायला उशीर झाला. पाइपलाइनचा शेवटचा टप्पा कॅशे होतच नाही, तो दर वेळी नव्याने फिट होतो, म्हणजे डेटावरून शिकतो. आणि सगळा वेळ बूस्टिंगच खातं.

पाइपलाइनचे टप्पे नावाने देणाऱ्या नेम्ड_स्टेप्समधून पहिल्या टप्प्यात साठवलेला तक्ता काढला. तारखा जुन्याच. (बाहेर बनवलेला मूळ ऑब्जेक्ट तपासून उपयोग नाही. मेमरी दिली की पाइपलाइन त्याचा क्लोन (त्याच पॅरामीटरची नवी प्रत) फिट करते, मूळ कोराच राहतो.) मेमरीला नन (None) देऊन कॅशे बंद केला, तेव्हा आकडा हलला.

मेमरीमागे जॉबलिब असतं, निकाल डिस्कवर साठवणारी पायथन लायब्ररी. साठवलेला निकाल शोधायची त्याची किल्ली बनते ट्रान्सफॉर्मरचे पॅरामीटर, एक्स (इनपुटचा तक्ता) आणि वाय (खरी उत्तरं) यांच्या हॅशवरून, म्हणजे मजकुरावरून काढलेल्या छोट्या ठशावरून. आमच्या ट्रान्सफॉर्मरला पॅरामीटर म्हणून फाइलचा पाथ दिला होता आणि फाइल तो फिटमध्ये वाचत होता. पाथ तोच, म्हणून किल्ली तीच. आतला मजकूर बदलल्याचं जॉबलिबला कळायचं कसं? ट्रान्सफॉर्मरचा कोड बदलला तरी हेच होतं. जॉबलिब सोर्स तपासतं ते सायकिट-लर्नच्या आतल्या फंक्शनचं, तुमच्या क्लासचं नाही.

फाइल फिटऐवजी ट्रान्सफॉर्ममध्ये (डेटा प्रत्यक्ष बदलून देणाऱ्या फंक्शनमध्ये) वाचली असती तर प्रकरण आणखी अवघड झालं असतं. ट्रेनिंगचा भाग कॅशेतून जुना आला असता आणि प्रेडिक्टच्या वेळी, जिथे कॅशे नसतो, नवी फाइल वाचली गेली असती. स्कोअर बदलला असता आणि खापर बहुधा तारखांच्या दुरुस्तीवरच फुटलं असतं.

उपाय दोन होते. पाऊस पाइपलाइनबाहेरच जोडून एक्समध्ये द्यायचा, हा सर्वात सोपा. पण मग अंदाज देणाऱ्या सर्व्हिसमध्ये तेच जोडकाम पुन्हा लिहावं लागतं आणि दोन्हीकडचा कोड हळूहळू वेगळा होतो. आम्ही फाइलऐवजी तक्ताच ट्रान्सफॉर्मरच्या कन्स्ट्रक्टरला (ऑब्जेक्ट बनवणारं फंक्शन, पायथनमध्ये इनिट) दिला. दोन केंद्रांच्या रोजच्या नोंदी, काही हजार ओळी. ग्रिड सर्चमध्ये (पॅरामीटरच्या अनेक जोड्या करून पाहताना) प्रत्येक क्लोनला त्याची कॉपी होते, ती परवडते. तक्ता मोठा असेल तर पाथसोबत मजकुराचा हॅश वेगळा पॅरामीटर म्हणून द्यावा. इनिटमध्ये मात्र आलेलं जसंच्या तसं साठवायचं. तिथे तारखा सरकवून तेच नाव वापरलं, की क्लोन एरर देतो. सरकवणं फिटमध्ये.

कोड बदलण्याचा धोका उरतोच, त्यासाठी 'आवृत्ती' नावाचा पॅरामीटर ठेवलाय. तो वाढवायला लोक विसरतात, म्हणून रिलीजच्या ट्रेनिंगला मेमरी बंदच असते.

शिवाय एक टेस्ट: कॅशे चालू ठेवून तक्त्यातल्या एका दिवसाचा पाऊस १०० मिमीने वाढवायचा आणि पाइपलाइन पुन्हा फिट करायची. पहिल्या टप्प्यातून बाहेर पडणारे आकडे बदलले नाहीत, तर बिल्ड अडतं.